बंगाली व्याही-विहीणबाई आणि आजी येतायत, जेवायला काय करू?

पालशेतची वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्याचं लग्न गेल्या वैशाखात झालं. सूनबाई बंगाली, माहेर बर्दवानचं. दोघं पुण्यात नोकरीला. आता संक्रांतीच्या आठवड्यात तिचे आईवडील आणि वडिलांची आई असे तिघं आमच्याकडे पालशेतला यायचेत. लग्न तिकडेच झालं, त्यामुळे आमच्या घरी ही मंडळी पहिल्यांदाच जेवणार.

आपलं जेवण होईलच. मोदक, सोलकढी, सुरमई, घावणे, त्याची मला चिंता नाही. पण निदान दोन दुपारची जेवणं त्यांच्या पद्धतीची करावीत असं फार मनात आहे. सूनबाई म्हणते, "आई, उगाच त्रास घेऊ नका, तुम्ही कराल ते आवडीने खातील." तिचा स्वभावच तसा. मला मात्र करायचंय.

विचारायचं ते असं. व्याह्यांना मोहरीतला इलिश फार आवडतो म्हणे. आपल्याकडे पाला मिळतो, तोच ना हा? या दिवसांत मिळेल का?

दुसरं, आणि खरी अडचण तीच. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, विधवा. त्या मासे, मटण, अंडं खात नाहीत, कांदा-लसूण नाही, मसुराची डाळसुद्धा चालत नाही. आम्ही सगळे मासे खाणार आणि त्यांच्या पानात वरणभात न् बटाट्याची भाजी वाढणार, हे मला बघवणार नाही. त्यांच्यासाठी काय करू?

तिसरं गोडाचं. डब्यातले रसगुल्ले आणायचे नाहीत. घरात पाटा-वरवंटा आहे, चूल आहे, परसात केळी, नारळ, अळू, शेवगा सगळं आहे. माहीतगारांनी सांगावं.

पेणचा मत्स्यप्रेमी

वहिनी, पाला म्हणजेच इलिश, बरोबर. पण तो पावसाळ्याचा मासा. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो तेव्हा त्याच्या अंगावर चरबी असते, आणि सगळी चव त्या चरबीत. पौषात मिळाला तरी बर्फातला मिळेल, आणि बंगाली माणसाला पहिल्या घासात कळेल. त्याच्या भानगडीत पडू नका.

त्यापेक्षा जिताडा बघा. बंगाल्यांचा भेटकी म्हणजे आपला जिताडाच, जात एकच. आमच्या रायगडात जिताडा तळ्यात वाढवतात, तुमच्याकडे खाडीचा मिळेल. वेलदूर-दाभोळकडच्या कोणाला तरी आधीपासून सांगून ठेवा. त्याचे बिनकाट्याचे तुकडे काढून घ्यायचे, मोहरीचं वाटण चोपडायचं, केळीच्या पानात बांधून वाफवायचे. त्याला ते पातुरी म्हणतात. कोलकात्यात लग्नाच्या पंगतीला मानाचं पक्वान्न आहे ते. तुमच्याकडे पान परसातलं आणि मासा खाडीतला, आणखी काय पाहिजे!

बोंबीलही त्यांच्याकडे खातात, लोटे म्हणतात त्याला. कांदा-लसूण-मिरची घालून कोरडा होईपर्यंत परततात. पण व्याह्यांसमोर पहिल्याच दिवशी बोंबील नको असं माझं मत.

भाट्येकाठची काकू

वहिनी, तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि आधी त्याचंच उत्तर लिहायला बसले. यजमान गोदीत नोकरीला होते, त्यामुळे माझा निम्मा संसार कोलकात्यात, भवानीपूरला झाला. घरमालकांच्या आईला सगळी गल्ली ठाकुमा, म्हणजे आजी, म्हणायची. त्या विधवा होत्या. मला बंगाली स्वयंपाक जो काही येतो तो त्यांच्या चुलीपाशी बसून आला, आणि त्या चुलीवर मासा कधी शिजला नाही. त्यांची चूल वेगळी, भांडी वेगळी, पाटासुद्धा वेगळा. घरातली माशांची चूल अंगणापलीकडे.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, आजींसाठी वेगळं काय करू असा विचारच करू नका. एक दुपार सगळं जेवण आजींचं करा आणि बाकीच्यांना त्यांच्या पंगतीला बसवा. बंगाली जेवण म्हटलं की आपल्याला मासे आणि मिठाई आठवतात. पण माझ्या मते बंगालचा सगळ्यात नाजूक, सगळ्यात हुशार स्वयंपाक निरामिषच आहे, आणि तो या विधवा बायकांनी घडवलाय. मासे गेले, कांदा-लसूण गेला, मसूर गेली, भात दिवसातून एकदाच, एकादशीला तर पाणीही नाही. विद्यासागरांनी जिवाचं रान केलं तेव्हा १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण चुलीपाशीची बंधनं कायद्याने सुटत नाहीत. आपल्याला काही हे परकं नाही. तुमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या अण्णा कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. तर अशा घराघरांतल्या बायकांनी जे हाताशी उरलं त्याचा स्वयंपाक केला. केळफूल, केळीचा गाभा, अळूचे देठ, दुधीची सालं. मसाला म्हणाल तर आलं, जिरं, हिंग, तूप. त्यातून त्यांनी जे उभं केलं ते खाल्ल्यावर माशाची आठवण येत नाही. आणि यातलं एकूण एक तुमच्या परसात आहे.

आता मुद्द्याचं. त्यांच्याकडे आपल्यासारखं सगळं ताट एकदम वाढत नाहीत. एकेक पदार्थ भाताबरोबर, क्रमाने. आधी कडू, मग डाळ आणि तळणीचं, मग भाज्या, मासे-मटण असेल तर त्यानंतर, मग आंबटगोड चटणी-पापड, शेवटी गोड. हा क्रम तेवढा सांभाळा, अर्धं काम तिथेच होतं.

सुरुवात शुक्तोने करा. कारलं, कच्चं केळं, वांगं, मुळा, रताळं, शेवग्याच्या शेंगा, सगळं बोटाएवढं लांबट चिरायचं. पौषात हे सगळं मिळतं. कारलं वेगळं तळून बाजूला. डाळीच्या वड्याही तळून घ्यायच्या, बिनतिखटाचे सांडगे असले तर ते चालतील. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून मग जरा निवू द्यायचं, त्यात तमालपत्र आणि पाचफोडण. पाचफोडण म्हणजे मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी आणि राधुनी. राधुनी हे अजमोद्यासारखं बी, नाही मिळाली तर मोहरी घाला. आपल्याकडे कलौंजीला कांद्याचं बी म्हणतात, पण कांद्याशी तिचा संबंध नाही, आजींना चालते. वाटलेलं आलं, भाज्या, बेताचं पाणी. शिजत आलं की मोहरी आणि खसखशीचं थोडं वाटण, मग दूध, चिमूटभर साखर, तळलेलं कारलं न् वड्या, वरून तूप. हळद नाही, लाल तिखट नाही. पांढुरकं दिसलं पाहिजे. आपण कारल्याला चिंच-गूळ घालून त्याचा कडूपणा झाकतो. ते लोक कडू कडूच ठेवतात आणि त्याच्या आजूबाजूला दूध-तूप ठेवतात. पहिल्या घासाला जीभ जागी होते.

मोहरी वाटायची ती भिजवून, हिरवी मिरची आणि मीठ घालूनच, आणि पाट्यावर फार घोटायची नाही. जास्त घोटली की कडवट होते. काळी आणि पिवळी निम्मी निम्मी घ्या.

मग केळफूल. त्याचं मोचार घंटो. केळफूल निवडायचं तुम्हाला काय शिकवायचं, पण ठाकुमांचा हात डोळ्यांपुढून जात नाही. हाताला तेल लावून त्या एकेक फूल चिमटीत धरायच्या. मधली ताठ काडी अंगठ्याच्या नखाने उपसायची, बुडाशी असलेलं कागदासारखं पारदर्शक पापुद्रं काढायचं, की फूल परातीत. गप्पा चालू, नजर दारावर, आणि परातीत एकसुद्धा काडी राहिलेली नसायची. रात्रभर हळद-मिठाच्या पाण्यात, सकाळी उकडून पाणी टाकून द्यायचं. इथवर आपलं आणि त्यांचं एकच. पुढे आपण हिरवी मिरची, काळे वाटाणे आणि गूळ घालतो. ते बटाट्याच्या बारीक फोडी तळून घेतात, आल्या-जिऱ्याचं वाटण परततात, त्यात केळफूल, शिजवलेले काळे हरभरे, खोवलेला नारळ, थोडी साखर. उतरवताना तूप आणि वेलची-दालचिनी-लवंगेची ताजी पूड. कोरडं, सुटं, मऊ व्हायला हवं.

तिसरा पदार्थ धोकार डालना. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, हिंग-आलं घालून कढईत घट्ट करायची, ताटात थापून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि तळायची. पाटवड्या येतात ना तुम्हाला, मग हेही आलंच. रस्सा बटाट्याचा, जिरं-आलं-टोमॅटो, कांद्याशिवाय. वड्या वाढायच्या थोडं आधीच रश्शात सोडा, त्या रस पितात.

बर्दवानची माणसं म्हणजे खसखशीची माणसं. आलू-पोस्तो केल्याशिवाय राहू नका. खसखस भिजवून हिरव्या मिरचीबरोबर पाट्यावर अगदी मऊ वाटायची, मोहरीच्या तेलात बटाटे परतून त्यात घालायची, मीठ, किंचित साखर, वरून कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. बस्स. आणि त्याच्याबरोबर उडदाची डाळ, बडीशेप आणि आलं वाटून लावलेली, हळद न घालता. ही जोडी त्यांच्या भागाची आहे. मसूर चालत नाही म्हणून अडायचं कारण नाही.

चटणीसाठी आंब्याचं साठ काढा. टोमॅटो, खजूर आणि साठाचे तुकडे, आलं, एखादी सुकी मिरची फोडणीला, साखर. कोलकात्यात हे साठ विकत आणताना जीव तुटायचा, रंग असायचा पण वास नसायचा. तुमच्या घरच्या हापूसच्या साठाची चटणी खाऊन विहीणबाई काय म्हणतात ते जरूर कळवा.

एक बारीक गोष्ट. जुन्या विधवा उकड्या तांदळाचा भात खात नसत, आतप म्हणजे न उकडलेला तांदूळ लागायचा. आजींसाठी साधा सुरई भात करा. सूनबाईकडून आधी विचारून घ्या मात्र.

दापोलीकर

काकूंनी सगळं सांगितलंय, मी फक्त सामानाचं. मोहरीचं तेल आता आपल्याकडे किराण्यात मिळतं, कच्च्या घाणीचं बघून घ्या. कलौंजी मिळते. राधुनी मात्र कोकणात सापडणार नाही, सूनबाईंना सांगून तिकडूनच मागवा. नोलेन गूडही मागवा, म्हणजे खजुरीच्या रसाचा गूळ. ऐन थंडीतच होतो, त्यामुळे तुमचे पाहुणे अगदी योग्य वेळी येतायत. वड्यांना पाटाली म्हणतात, त्या प्रवासात टिकतात. पातळ गूळ आणू नका म्हणावं, सांडतो.

चिपळूणची बौदी

नमस्कार. मी जन्माने बंगाली, माहेर हुगळी जिल्ह्यातलं, लग्न होऊन चिपळूणला आले. काकूंचं लिहिलेलं वाचताना माझ्या ठाकुमाची फार आठवण आली. काकू, तुम्ही तिच्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं.

एकच सांगते. आजी हे सगळं पाळतात ते त्यांच्या मनाने की सवयीने, हे आपण ठरवायचं नाही, आणि त्याचं फार कौतुकही त्यांच्यासमोर करायचं नाही. माझी ठाकुमा फार लहान वयात विधवा झाली. तिचा घंटो सगळ्या पाड्यात प्रसिद्ध होता. पण मासे तळायला लागले की ती गच्चीवर जायची. माझे बाबा गेले तेव्हा आम्ही भावंडांनी आईचा मासा सुटू दिला नाही, मी स्वतः तिला घास भरवला. आता पुष्कळ घरांत असंच आहे. त्यामुळे निरामिष जेवण जरूर करा, सगळ्यांनी बसून खा, काकूंची ती सूचना मला सगळ्यात आवडली. फक्त ते आजींच्या आवडीचं म्हणून करा, त्यांच्या नियमाचं म्हणून नको.

आता बाकीचं. शुक्तो दुपारीच. रात्री कडू खात नाहीत. रात्री आजींना भात नको असेल तर लुच्या करा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, पांढऱ्या राहिल्या पाहिजेत, लाल तळायच्या नाहीत. बरोबर हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे बारीक तुकडे तुपात तळून घातलेली.

व्याही-विहीणबाईंसाठी मासे दुसऱ्या दिवशी. बर्दवान म्हणजे घोटी, मूळचे पश्चिम बंगालचे. आमच्याकडे पूर्वेकडून आलेल्या लोकांचा मान इलिशला आणि घोटींचा चिंगडीला, म्हणजे कोळंबीला. फुटबॉलमध्ये पूर्वेकडच्यांची ईस्ट बेंगॉल जिंकली की इलिश महागतो, घोटींची मोहनबागान जिंकली की चिंगडी. इलिश सगळेच खातात, पण तुमच्या व्याह्यांना पौषात तुम्ही चिंगडी मलाई करी वाढलीत तर तो त्यांचाच मान होईल. मोठी कोळंबी, डोकं काढायचं नाही, सगळा स्वाद डोक्यात. हळद-मीठ लावून तेलात जेमतेम फिरवून बाजूला. मग तमालपत्र, वेलची, दालचिनी, लवंग, थोडा वाटलेला कांदा, आलं. नारळाचं दाट दूध, थोडी साखर, हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. कोकम किंवा तिरफळ घालायचं नाही, इथल्या बायकांचा हात आपोआप तिकडे जातो.

जिताड्याची पातुरी उत्तम. वाटणात थोडा खोवलेला नारळ घाला आणि पान बांधायच्या आधी मोहरीचं कच्चं तेल. दुसरा कुठलाही मासा रश्शात करणार असाल तर आधी हळद-मीठ लावून तळून घ्या. आम्ही कच्चा मासा रश्शात सोडत नाही, आणि माझ्या बाबांना इथलं कालवण खाताना पहिल्यांदा तेच वेगळं लागलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मागून घेतलं. म्हणून तुमचं कालवणही होऊ द्या!

पालशेतची वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, बौदी, तुमची दोघींची उत्तरं मी यजमानांना वाचून दाखवली. पहिल्या दुपारी सगळ्यांनाच आजींचं जेवण हे पक्कं केलंय. शुक्तो, उडदाची डाळ, आलू-पोस्तो, मोचार घंटो, साठाची चटणी. धोकार डालना दुसऱ्या दिवशी करीन, एकाच दिवशी एवढं वाटण झेपायचं नाही. सूनबाईला विचारलं, आजी सुरई भातच खातात आणि घंटो त्यांचा अतिशय आवडता आहे. बौदी, तुमचं म्हणणं लक्षात ठेवीन. कोळंबी आणि जिताडा, दोन्ही सांगून ठेवलंय.

गोडाचं तेवढं राहिलं. संक्रांतीला त्यांच्याकडे पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, करतात म्हणे. पाटीशाप्टा आणि दूधपुली, यातलं मला काय जमेल? दूधपुलीला गूळ घातल्यावर दूध फाटतं असं सूनबाई म्हणाली.

भाट्येकाठची काकू

दूधपुलीच करा, डोळे मिटून. मोदक करणाऱ्या बाईला ती जमली नाही असं व्हायचंच नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढायची आपल्यासारखीच, चून नारळ आणि गुळाचं, फक्त गूळ खजुरीचा. चून जरा कोरडं ठेवा. मोदकाऐवजी करंजीचा छोटा आकार, बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकं निमुळती. कडा नीट दाबायच्या, दुधात उकलली की सगळं चून बाहेर. दूध आटवून अर्ध्याला आलं की पुल्या सोडायच्या, मंद आचेवर, डाव फार फिरवायचा नाही. त्या वर आल्या आणि जडसर झाल्या की गॅस बंद. दूध चांगलं कोमट होऊ द्या आणि मगच गूळ घाला, वेगळा विरघळवून, गाळून. उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटणारच.

पाटीशाप्टा म्हणजे तांदळाचं पीठ, मैदा आणि रवा दुधात भिजवून केलेलं पातळ घावन, त्यात तेच चून गुंडाळायचं. तवा घावणाचाच घ्या, पण आच कमी, रंग येऊ द्यायचा नाही. हे विहीणबाईंच्या हाती द्या. संक्रांतीच्या दिवशी पाहुणीला नुसतं बसवून ठेवलं तर तिला करमणार नाही, आणि तव्याशी दोघी असलात की भाषेची अडचण येत नाही. आजींना चून वळायला बसवा.

रसगुल्ल्यांची काळजी सोडाच. बर्दवानची माणसं येताना सीताभोग आणि मिहिदाना या तिकडच्या मिठाया आणणार हे धरून चाला. त्या दोन्हींना २०१७ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान असतो. सीताभोगात छेना असतो, तो आला त्याच दिवशी संपवा. मिहिदाना टिकतो.

खसखस मात्र आत्ताच आणून ठेवा, पाव किलो तरी. आलू-पोस्तोला आपण मसाल्यात घालतो तेवढीशी पुरत नाही, आणि ऐनवेळी गुहागरच्या बाजारात एवढी मिळेलच असं नाही.